नागपूरहून देवगड: सीमा ओलांडून एका दिवसात किल्ला पाहून यायचं तर

नागपुरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या रविवारी लोक रामटेकला पाठवतात, नंतर पेंचला, आणि तीन दिवसांची सुट्टी जुळली की पचमढीला. पचमढीच्या गाड्या सौंसरवरून सुसाट छिंदवाड्याकडे जातात. ज्या राजाने नागपूर वसवलं त्याची जुनी राजधानी त्याच रस्त्याच्या डावीकडे, सातपुड्याच्या एका डोंगरावर आहे, आणि तिकडे वळणारी गाडी क्वचितच दिसते. मिहानमध्ये नोकरीला लागलेले, शिकायला आलेले, बदलीवर आलेले अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. सकाळी निघून दिवेलागणीला घरी पोचता येतं, मात्र आखणी आधी करायला हवी.

पहिली गोष्ट, नकाशात कोणता देवगड शोधायचा? नुसतं ‘देवगड किल्ला’ टाकलं की फोन तुम्हाला आंब्याच्या देवगडला, म्हणजे थेट कोकणात न्यायला निघतो. मध्य प्रदेशात, राजस्थानातही याच नावाची ठिकाणं आहेत. आपल्याला हवा आहे तो छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहखेड तालुक्यातला. ‘देवगढ किला, मोहखेड, छिंदवाड़ा’ असं हिंदीत शोधा, म्हणजे गडबड होणार नाही. आणि घरूनच नकाशा डाऊनलोड करून घ्या. सिल्लेवानीचा घाट लागला की फोनची रेंज येत-जात राहते, आणि नेमकं शेवटचं वळण तिथून पुढेच आहे.

निघण्याआधी: थोडा इतिहास

इतिहास वाचून गेलं नाही तर देवगडला पडक्या भिंतीच दिसतील. वाचायला फार नाही, एवढं पुरे. सोळाव्या शतकात जाटबा नावाच्या गोंड राजाने हे राज्य उभं केलं. त्याच्या आधी इथे गवळी राजे होते आणि जाटब्याने त्यांना संपवलं, अशी कथा आहे. अकबराच्या काळातल्या नोंदींत जाटब्याचं नाव येतं, सोबत त्याचं घोडदळ, पायदळ आणि शंभरावर हत्ती. म्हणजे हा जंगलातला कुणी किरकोळ जमीनदार नव्हता.

पुढे याच घराण्यात बख्त बुलंद शाह झाला. भाऊबंदकीत गादी धोक्यात आली तेव्हा तो औरंगजेबाच्या दरबारात गेला, १६८६ मध्ये मुसलमान झाला आणि देवगडची गादी मिळवून परतला. नंतर औरंगजेब दक्षिणेत अडकल्यावर त्याने त्याच्याच विरुद्ध उठावही केला. त्याने डोंगराखालच्या सपाट, काळ्या जमिनीवर लक्ष घातलं. शेतकरी, कारागीर, व्यापारी बाहेरून आणून वसवले आणि १७०२ मध्ये नागनदीकाठची बारा खेडी जोडून नागपूर उभं केलं. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानीच देवगडहून नागपुरात हलवली. शहराभोवती कोट घातला, तलाव बांधला. आज ज्याला कुणी शुक्रवारी तलाव म्हणतं, कुणी गांधीसागर, तोच हा जुम्मा तलाव. चांद सुलतानच्या मागे वारसाहक्काचा तंटा पेटला, राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं, आणि १७४३ च्या सुमारास सगळी सत्ता भोसल्यांच्या हाती गेली. देवगड मागे पडला तो पडलाच.

म्हणून माझं ऐकाल तर सहलीची सुरुवात आदल्या संध्याकाळी नागपुरातच करा. सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवनाजवळ बख्त बुलंद शाहचा पुतळा आहे, तो बघा. मग महाल या जुन्या वस्तीकडे जाताना गांधी गेट लागतं, तोच जुना जुम्मा दरवाजा, गोंडांच्या कोटाचा उरलेला एक तुकडा. रिक्षा, हातगाड्या आणि बॅनरांच्या गर्दीत तो रोज हजारो लोकांच्या डोक्यावरून जातो. हे दोन्ही बघायला तासभर लागतो, आणि दुसऱ्या दिवशी देवगडचं महाद्वार बघताना त्याचा उपयोग होतो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. विषय संपला. मार्चमध्ये लवकर निघून लवकर परतलात तर चालतं, पण एप्रिल-मेमध्ये नागपूरचं ऊन आणि किल्ल्यावर सावली कमी, हा वेडेपणा करू नका. पावसाळ्यात घाट इतका हिरवा होतो की मोह आवरत नाही. पण वरच्या दगडांवर शेवाळ धरतं, गवत कमरेइतकं वाढतं आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पुढे हरकत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे तान्हा पोळा असतो त्या दिवशी, सीमेपलीकडे पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. दर वर्षी माणसं जखमी होतात, पोलीस बंदोबस्त मोठा असतो. तुमचा रस्ता पांढुर्ण्यावरून जात नाही, तरी तो दिवस टाळलेला बरा.

गाडी आणि कागद

स्वतःची गाडी किंवा ठरवलेली टॅक्सी, हे दोनच पर्याय कामाचे. नागपूरहून छिंदवाड्याच्या बस भरपूर आहेत. इतवारी-छिंदवाडा रेल्वेही आहे. पूर्वी ती छोट्या लाइनची गाडी होती, २०१५ मध्ये ती बंद झाली आणि आता ब्रॉडगेज झाली आहे. रामाकोना, भिमालगोंदी, उमरानाला अशी स्टेशनं घेत ती सातपुडा चढते, आणि एकदा त्या प्रवासासाठीच जावं अशी ती आहे. पण बस असो की रेल्वे, उमरानाल्यापासून किल्ल्यापर्यंतच्या आतल्या रस्त्याला भरवशाचं वाहन नाही. एका दिवसात हे जमवायच्या फंदात पडू नका.

एमएच नंबरची खासगी कार किंवा दुचाकी घेऊन दिवसभरासाठी मध्य प्रदेशात जायला परवाना लागत नाही, करही लागत नाही. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी जवळ असू द्या. डिजिलॉकरमधले कागद चालतात. टॅक्सी करत असाल तर प्रश्न वेगळा. पिवळ्या पाटीच्या गाडीला परराज्यात जायचा परमिट लागतो. गाडी ठरवतानाच विचारा, “भाऊ, एमपीचा परमिट आहे नं? पैसे त्यातच धरले का?” हे आधी बोलून घेतलं नाही तर सीमेवर गाडी थांबवून हिशेब सुरू होतो, आणि त्या क्षणी तुमच्यापाशी बोलायला जागा उरत नाही.

टाकी नागपुरात किंवा सावनेरला भरून घ्या. मध्य प्रदेशात पेट्रोल सहसा आपल्यापेक्षा महाग पडतं. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, तेही बघा. पाणी माणशी किमान दोन लिटर, टोपी, पायात चांगली पकड असलेले बूट. थोडी रोकड हवीच, कारण रेंज नसली की गावातल्या दुकानात फोनवरून पैसे जात नाहीत.

रस्ता: सदर ते सावनेर

एका बाजूचं अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. चहा-नाश्ता धरून साडेतीन तास मोजा. सकाळी सहाला शहर सोडा. सदर, छावणी, मानकापूर, मग कोराडी रोड. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या म्हणजे शहर सुटलं. जगदंबेचं दर्शन घ्यायचं असेल तर ते परतीत घ्या. सकाळी तिथे थांबलात की पाऊण तास जातो आणि किल्ल्यावर ऊन चढल्यावर पोचता.

पुढे पाटणसावंगी आणि मग सावनेर. नाश्ता इथेच करा. तर्री पोहे, वरून चना, वाटलं तर थोडी जास्त तर्री. पण हिशेबाने, पुढे घाट आहे. सीमेपलीकडे पोहे मिळतात, तर्री मिळेल याची खात्री नाही. तिकडचे पोहे गोडसर, शेव टाकलेले, सोबत जिलेबी. वाईट नसतात, पण वेगळेच.

सावनेरला एक चूक नवखे हमखास करतात. महामार्ग सरळ पांढुर्णा-बैतूलकडे जातो आणि रुंद असल्यामुळे गाडी आपोआप त्यालाच लागते. तुम्हाला छिंदवाड्याची पाटी धरायची आहे, रस्ता केळवदकडचा.

सीमा

केळवद सोडलं की थोड्या वेळात सातनूर येतं, तिथे मध्य प्रदेश सुरू. पाटी, दोन-चार टपऱ्या, उभे असलेले ट्रक. इथला नाका वर्षानुवर्षं ट्रकवाल्यांच्या तोंडी होता. मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून परिवहन खात्याचे असे नाके बंद केले, त्यामुळे खासगी गाडीला इथे सहसा कुणी विचारत नाही. पोलिसांनी हात केलाच तर थांबा, काच खाली करा, कुठे जाता ते सांगा, कागद दाखवा. संपलं. घाई किंवा हुज्जत केली की पाच मिनिटांचा अर्धा तास होतो.

निवडणुकीचे दिवस मात्र सोडून द्या. आचारसंहिता लागली की दोन्ही बाजूंना पथकं बसतात, डिकी उघडायला लावतात, आणि ५० हजारांपेक्षा जास्त रोकड असेल तर तिचा कागद मागतात. परतीतला नियम वर्षभर लागू आहे: पलीकडून दारूची बाटली आणू नका. दुसऱ्या राज्यात विकलेली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि राज्य उत्पादन शुल्कवाले या रस्त्यावर गाड्या तपासतात. सुगंधी तंबाखू आणि गुटखाही नको.

सीमा ओलांडली तरी काही बदललं असं वाटत नाही, आणि त्यामागे कारण आहे. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि छिंदवाडा एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि सौंसर-पांढुर्णा तिकडेच राहिले. त्यामुळे सौंसरला दुकानात शिरून बेधडक मराठीत बोला. उत्तर मराठीतच येतं, तेही अगदी आपल्या वळणाचं. शेतंही तीच, कापूस आणि संत्री. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चला येते, आंबिया बहाराची ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून. हंगामात रस्त्याकडेला ढीग लागलेले असतात. जाताना नाही, येताना घ्या, आणि ढिगातलं एक फळ सोलून चाखून मगच भाव करा.

जिल्ह्याबद्दल एक सूचना. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. म्हणजे सातनूरला तुम्ही पांढुर्णा जिल्ह्यात शिरता, छिंदवाडा जिल्हा पुढे लागतो. जुन्या पाट्या, जुने नकाशे वेगळं सांगतील. मदत लागलीच तर ११२ दोन्ही राज्यांत चालतो.

सिल्लेवानी घाट

सौंसर, मग रामाकोना, मग रस्ता वर चढायला लागतो. सिल्लेवानीचा घाट फार मोठा नाही, पण वळणं दाट आहेत आणि कोळशाचे, मक्याचे भरलेले ट्रक रांगत येतात. ओव्हरटेकची घाई नको. जानेवारीत सकाळी धुकं असतं, दिवे लावून चला. माकडांना खायला टाकायला थांबू नका, मागची गाडी वळणावर असते.

घाट चढून पठारावर आलात की शेतं बघा. खाली कापूस, संत्री होती. इथे मका आहे, शेतच्या शेतं. छिंदवाडा जिल्हा मक्यासाठी ओळखला जातो. इथून पुढे बोलणं हिंदीत, आणि गावांमध्ये आपसात गोंडीत. वयस्क माणसाला ‘दादाजी’, बाईमाणसाला ‘अम्मा’, ‘दीदी’ म्हणून विचारलं की रस्ता नीट सांगतात, कधी मुलगा सोबत देतात.

उमरानाल्याहून महामार्ग सोडून मोहखेडच्या बाजूला वळायचं, मग देवगड. हा शेवटचा रस्ता अरुंद आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर कुणाला तरी कडेला उतरावं लागतं, आणि ते तुम्हीच उतरा.

किल्ला

गाव खाली, किल्ला वर, तीन बाजूंनी खोल दरी आणि साग. चढ अवघड नाही. पण रायगड-सिंहगड डोळ्यापुढे ठेवून येणाऱ्यांनी ती अपेक्षा खाली ठेवावी. इथे तिकीटघर, गाईड, चहाची टपरी अशी व्यवस्था धरून चालू नका. मध्य प्रदेश शासनाचं हे संरक्षित स्मारक आहे, दुरुस्तीची कामंही होत असतात, पण बराच भाग पडलेलाच आहे.

आधी महाद्वार आणि नगारखाना बघा. इथे घाई करू नका. कमान टोकदार, कोनाडे नेटके, काही ठिकाणी चुन्याचा गिलावा अजून धरून आहे. हे गोंडांचं जुनं दगडी काम नव्हे. मुघल धाटणी आहे, आणि म्हणूनच वरच्या बऱ्याच इमारती बख्त बुलंद शाहच्या काळातल्या मानतात. दिल्ली दरबार बघून आलेला माणूस घरी आल्यावर काय बांधेल, ते इथे दिसतं. भिंतीच्या तुटलेल्या कडेला जवळून बघा. बाहेर नीट बसवलेले दगड, आत खडी आणि चुना भरलेला. विटा पातळ आहेत, आताच्या विटेच्या निम्म्या जाडीच्या.

पुढे कचेरी, खजिना, मशीद, बादल महाल आणि मोती टांका. या सगळ्यांत मला मोती टांका आवडतो. पावसाचं पाणी साठवायचं टाकं. तळाशी पडलेलं नाणं वरून दिसायचं इतकं पाणी स्वच्छ होतं, असं गावात सांगतात. आता पाणी हिरवं असतं, पिऊ नका, काठावर मुलांना सोडू नका. पण डोंगरमाथ्यावर एवढी माणसं, घोडी आणि हत्ती बाळगणाऱ्या राज्याचा पहिला प्रश्न पाणी होता, हे टाक्याशी उभं राहिलं की समजतं. इथून नागपूरपर्यंत भुयार होतं अशीही दंतकथा आहे. सव्वाशे किलोमीटरचं भुयार! ऐकून घ्या, मान डोलवा.

वर दोन ते अडीच तास पुरतात. पडक्या भिंतींवर चढून फोटो काढू नका, चुना सुटलेला आहे. कमानीखाली मान वर करून आग्या मोहोळ आहे का ते बघा, असेल तर अत्तर-धूर-आवाज काही नको. आणि ऊन कलायच्या आत खाली उतरा, भोवती जंगल आहे.

बावड्या चुकवू नका

बहुतेक लोक किल्ला उतरले की गाडीत बसतात. तसं करू नका. देवगडमध्ये आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, होत्या अशी म्हण आहे. आकडा म्हणीचा आहे, पण बावड्या खऱ्या आहेत आणि पुष्कळ आहेत. शेताच्या बांधाला, झाडीत, कुणाच्या घरामागे. अलीकडच्या वर्षांत मनरेगातून त्यांतल्या अनेकांचा गाळ काढून दुरुस्ती केली, आणि कित्येक वर्षं काट्याकुट्यात बुजलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. काही साध्या, दगडी पायऱ्यांच्या. काहींना कमानी आणि बसायला कोनाडे. गावात विचारा, कुणीतरी दाखवायला येतो. येईल त्याच्या हातावर शंभर-दोनशे रुपये ठेवा, तो मागणार नाही. शेतातून जाताना पीक तुडवू नका, आणि बाया पाणी भरत असतील तर कॅमेरा खिशात.

गावात घरगुती मुक्कामाची सोयही सुरू झाली आहे. पुढच्या वेळी राहायचं असेल तर चौकशी करून ठेवा. जेवणही आधी सांगितलं तर होऊ शकतं, न सांगता गेलात तर होणार नाही. म्हणून डबा नेणं उत्तम. नाहीतर परतीत उमरानाल्याला किंवा सौंसरला जेवा.

परत येताना

दोनच्या सुमारास देवगड सोडलं की सौंसरला चारच्या आत पोचता. दम असेल तर सौंसरहून पांढुर्णा रस्त्याने काही किलोमीटरवर जाम सावलीचा हनुमान आहे, निजलेल्या अवस्थेतला. मंगळवार आणि शनिवारी तिथे नागपूरची अर्धी गर्दी असते, त्या दिवशी गाडी लावण्यातच वेळ जातो. लहान मुलं सोबत असतील आणि कंटाळली असतील तर तो थांबा सोडा, आणि संत्री घेऊन सरळ सावनेर गाठा. सावनेरच्या अलीकडेपलीकडे संध्याकाळी बैलगाड्या आणि बिनदिव्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, वेग कमी ठेवा. सहा ते आठ या वेळात कोराडी रोड आणि मानकापूर चौकात गाड्या तुंबतात. तेव्हा एक तर सहाच्या आत शहरात शिरा, नाहीतर कोराडीला देवीचं दर्शन घेऊन निवांत आठनंतर या.